बरं शे

हे मी लिहावं का, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि अपिलाचा एक अर्ज, एवढंच माझं आजवरचं लेखन. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

गुजरातेत, उधन्यातल्या कापडाच्या लूम कारखान्यात पप्पांच्या मानेवर सूत गुंडाळलेला जड बीम पडला आणि दोन्ही हातांतला जोर गेला. पगारातून विम्याचा हप्ता कापला जायचा, म्हणून कायमच्या अपंगत्वाचा दावा केला. विम्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तो नामंजूर झाला. गुजराती पत्र घरात मलाच वाचता येत होतं. कारण एका ओळीचं: कामगाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार प्रकृती ठीक आहे.

“डॉक्टरनी काय इचारं व्हतं?” मी पप्पांना विचारलं.

“केम छो काका, म्हने.”

“मंग?”

“मंग काय? बरं शे, सांगं. कोनी इचारं तं आपन काय सांगतस?”

आई भांडी घासता घासता म्हणाली, “तेस्ले तिरडीवर इचारं तरी बरं शेच सांगतीन!”

पप्पा हसले. मला हसू आलं नाही. अपील फेटाळलं गेलं तर दुसऱ्याच वर्षात कॉलेज सोडून मला त्याच लूमवर उभं राहावं लागणार होतं.

अर्जात मी लिहिलं की आम्हा खानदेशी लोकांत ‘बरं शे’ हे उत्तर नसतं, ते नमस्कारासारखं असतं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. असलं कारण कोणी मानेल, असं मलाच वाटत नव्हतं.

पुन्हा तपासणीला बोलावणं आलं. रोज सकाळी मी पप्पांना घोकायला लावायचो, “बरं नही शे, सांगा.” ते नुसतं “हां, हां” म्हणत. ते शब्द एकदाही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी घरात असेपर्यंत ते जेवायलाही बसत नसत. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तेच विचारलं, “केम छो काका?” पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, तू जरा भाईर थांब.”

बाहेर बाकावर बसून मी बंद दाराकडे बघत राहिलो. आता पुन्हा तेच सांगणार, सगळं संपलं. ते बाहेर आले तेव्हा विचारलं, “काय सांगं?”

“चाल, बस चुकी जाई.”

दीड महिन्याने पत्र आलं. दावा मंजूर झाला होता. खाली डॉक्टरांचा शेरा होता: कामगाराला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, मुलगा बाहेर गेल्यावर पत्नी भरवते.