आभाराच्या पत्रांचा नियम

मिझुशिमासान तीन वर्षांपूर्वी गेले. आमच्या कंपनीत त्यांचा हुद्दा 'माहिती व्यवस्था प्रमुख' होता, पण त्या खात्यात दुसरा माणूस नसल्यामुळे ते स्वतःचेच प्रमुख होते. तेवीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेली यंत्रं, त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा आणि जेवणाचा डबा. डब्यात रोज मुळ्याचं लोणचं, आणि ते खाताना असा आवाज करायचे की मला माझ्या हातातला स्क्रू सापडायचा नाही. माणूस वाईट नव्हता, पण चिकट. एखादी गोष्ट बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत स्वतः उठायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही उठू द्यायचे नाहीत.

ताकाओकातली आमची कंपनी एकच वस्तू बनवते. कर्करोगामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांच्यासाठी गळ्याला टेकवायचं यंत्र. बटण दाबून गळ्याशी धरलं आणि ओठ हलवले की घरघरता, एकसुरी आवाज निघतो. ऐकायला गोड नाही, पण शब्द कळतात. आता अशा माणसाचं यंत्रच बिघडलं तर तो आम्हाला फोन कसा करणार? म्हणून आमचं सगळं काम ईमेलवर. मिझुशिमासाननी लिनक्सच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तक्रारी नोंदवायची व्यवस्था स्वतः बसवली होती. दर पाच मिनिटांनी तो कॉम्प्युटर टपालपेटी उघडायचा, प्रत्येक पत्राला नंबर द्यायचा, आणि काम होईपर्यंत तो नंबर भिंतीवरच्या पडद्यावर लाल दिसायचा. यंत्र बंद पडल्याचं पत्र आलं की त्याच दिवशी बदली यंत्र रवाना व्हायचं. या बाबतीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत.

घोळ झाला तो आभारांमुळे. यंत्र पोचलं की गिऱ्हाईक आभाराचं पत्र लिहिणार. ते पत्र आलं की बंद झालेला नंबर पुन्हा लाल. मिझुशिमासान नंबर बंद करणार, की व्यवस्था आपणहून "आपलं काम पूर्ण झालं" असं कळवणार. त्यावर गिऱ्हाईक पुन्हा "आवर्जून कळवलंत, आभारी आहे" लिहिणार. की पुन्हा लाल. निइगाताच्या एका आजोबांचा नंबर अकरा वेळा बंद करावा लागला होता.

मालक कानामोरी दर सोमवारी त्या पडद्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. हाताखालच्यांना ते 'सान'ऐवजी 'कुन' म्हणायचे.

"मिझुशिमाकुन, हे एवढं लाल काय आहे? आपली यंत्रं इतकी वाईट आहेत?"

"नाही साहेब. लोक खूश आहेत."

"मग खूश लोक लाल का दिसतायत?"

मिझुशिमासान मान खाली घालून बसले. मला त्यांची कीव आली आणि कंटाळाही आला. मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं? बंद झालेल्या नंबरावर पत्र आलं आणि पहिल्या दोन ओळींत आभार असले, की नंबर उघडूच नका. एका बाजूच्या फोल्डरात टाका. आभार कसले वाचत बसायचे?"

"सुक्याबरोबर ओलं जळेल, यामागिशीसान."

"आभारात कसलं आलंय ओलं? दर शुक्रवारी फोल्डर चाळा म्हणजे झालं."

त्यांनी चार दिवस विचार केला आणि नियम लिहिला. पडदा हिरवा झाला, मालक खूश. पहिले काही शुक्रवार त्यांनी फोल्डर चाळलं. नंतर नवं मॉडेल आलं, कामं वाढली आणि चाळणं राहून गेलं. मीही कधी आठवण केली नाही.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळपासून एकही नवा नंबर पडला नाही. दहा वाजले, अकरा वाजले, पडदा हिरवागार. मालक आले आणि म्हणाले, "वा!" मिझुशिमासानचा चेहरा मात्र पडला होता.

"वा कसलं, साहेब? सोमवारी वीस तरी पत्रं येतात. लोक बोलतायत, आपल्यालाच ऐकू येत नाहीये."

मग त्यांचं सुरू झालं. आधी घरच्या पत्त्यावरून स्वतःलाच एक पत्र पाठवलं. ते टपालपेटीत येऊन पडलेलं होतं, म्हणजे बाहेरचा रस्ता ठीक. पासवर्ड बदललाय का? नाही. पाच मिनिटांचं काम वेळेवर सुरू होतंय का? होतंय. मग त्यांनी कॉम्प्युटरची नोंदवही उघडली. तिथे दर पाच मिनिटांनी तीच तक्रार लिहिलेली, की लिहायला जागा नाही. डिस्क पूर्ण भरली होती. पत्र पेटीत येत होतं, पण उतरवून ठेवायला आत जागाच उरली नव्हती.

"कशानं भरली?" मी विचारलं.

ते एकेक फोल्डर मोजत गेले आणि थांबले. "आभारांनी."

लोक आभारांबरोबर फोटो पाठवायचे. नातवंडांचे, मांजरांचे, बागेतल्या काकड्यांचे. सोळा महिन्यांचे आभार साचले होते.

"उडवून टाका," मी म्हटलं. "मालक डोक्यावर बसलेत."

"उडवण्याआधी वरवर तरी बघू."

"आता? काहीतरीच तुमचं!"

त्यांनी नुसते फोटोच दुसऱ्या डिस्कवर हलवले. पाच मिनिटांत पडद्यावर एकतीस लाल नंबर उमटले आणि मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काम झालं होतं. पण मिझुशिमासान तिथेच बसून ती पत्रं वाचत राहिले. दुपारी डबा उघडला नाही. तीनच्या सुमारास त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पत्र हिमीच्या होरितासानचं होतं, सहा ऑगस्टचं, त्यांच्या जुन्या, बंद झालेल्या नंबरावर आलेलं. नासपतीची बाग असलेले गृहस्थ, मी त्यांचं यंत्र दोनदा दुरुस्त केलेलं. पत्राच्या सुरुवातीला आभार. मग उन्हाळा फार कडक आहे, सर्वांनी तब्येत सांभाळावी. नासपती यंदा बरी धरली आहे. यामागिशीसानना आवर्जून नमस्कार सांगावा. आणि सगळ्यात खाली: 'लिहायला संकोच वाटतो, पण यंत्र काल हातातून पडलं आणि बंद झालं. पत्नी फुमिए घरीच अंथरुणाला खिळली आहे. तिची दृष्टी गेल्यामुळे लिहून दाखवता येत नाही. आपल्याला सवड होईल तेव्हा पाहावं.'

आमच्याकडे मागणं असं शेवटीच लिहितात. मीही तसंच लिहिते. आधी चार ओळी आभार मानल्याशिवाय मागायला हात धजत नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

अकरा ऑगस्टचं दुसरं पत्र होतं. तेही आभारांनीच सुरू झालेलं. तगादा लावल्यासारखं वाटेल म्हणून त्यात क्षमाही मागितली होती.

मिझुशिमासाननी तेव्हाच उत्तर लिहिलं. तासाभरात होरितासानचं पत्र आलं. आता घाई नाही, फुमिए एकोणीस ऑगस्टला गेली, काळजी घेतल्याबद्दल आभारी आहे.

"हा नियम कुणी केला?" मालकांनी विचारलं.

"मी केला," मिझुशिमासान म्हणाले. मी हातातल्या यंत्राचं झाकण लावत होते. लावून झालं तरी लावतच राहिले.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र आणि मिठाईचा डबा घेऊन आम्ही दोघं हिमीला गेलो. गाडीनं अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास! बाईंच्या फोटोसमोर उदबत्ती लावली, हात जोडले. होरितासाननी पाटीवर लिहून चहा घ्यायचा आग्रह केला. मग नवं यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आलात. त्रास झाला तुम्हाला." मग नासपतीचं सांगितलं, रस्त्याचं विचारलं, पुन्हा आभार मानले. मी उठायला लागले तर मिझुशिमासाननी माझी बाही धरून खाली बसवलं.

"थांबा. त्यांचं बोलून झालेलं नाही."

मग ते यंत्र पुन्हा घरघरलं.

"शेवटी शेवटी ती रोज विचारायची, 'रागावलात का माझ्यावर? बोलत का नाही?' मी तिचा हात दाबायचो. पण हात दाबला म्हणजे हो की नाही, हे आमचं कधी ठरलेलं नव्हतं."

मिझुशिमासाननी कपाळ चटईला टेकवलं. "ते पत्र मी वाचलं नाही. नियम मी लिहिला होता. दुसऱ्या कुणाचा दोष नाही." होरितासान त्यांना उठवायला गेले, ते उठेनात. मी शेजारी बसले होते. माझा घसा धड होता, जीभ जागेवर होती. मी बोलले नाही.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, त्या संध्याकाळी त्यांनी नियम काढून टाकला. पुढे निवृत्त होईपर्यंत आभाराचं प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच डबा उघडायचे. पडदा लाल राहिला. मालकांनी पुन्हा विचारलं नाही. आणि ती युक्ती कुणाची होती, हे मिझुशिमासाननी ना मालकांना सांगितलं, ना मला कधी ऐकवलं. एकदा तरी ऐकवायला हवं होतं.

त्यांच्या अंत्यविधीला होरितासान हिमीहून आले होते. रांगेत माझ्याच पुढे होते. मिझुशिमासानच्या बायकोसमोर उभं राहून त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "चूक माझी होती, असं तोंडावर सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला," ते म्हणाले, आणि मागे वळून मला विचारलं, "खरं ना, यामागिशीसान?"

मी म्हटलं, "हो, खरं आहे."