डाव्या किडनीवरची चावी

लघवीला जळजळत होतं. डॉक्टर म्हणाले, मुतखडा असेल, पोटाचा एक्स-रे काढा. मी चौथी शिकलेला, मला वाटलं उताणं पडायचं, फोटो काढायचा, घरी यायचं. पण आदल्या संध्याकाळी जुलाबाच्या गोळ्या, नुसती पेज, सकाळी उपाशी. पोटात मळ नि वारा राहिला की खडा झाकला जातो म्हणे. बायको असती तर संडासाबाहेर उभी राहून हसली असती.

कोपरीतून रिक्षाने गेलो. वाटेत दोनदा रिक्षा थांबवली, का ते लिहीत नाही. एक्स-रे काढणारी पोरगी नातीच्या वयाची.

"काका, हा गाऊन घाला. अंगावर धातूचं काही?"

"काही नाही."

खोटं बोललो. करदोट्याला बायकोच्या कपाटाची चावी होती. ही होती तोवर चावी हिच्या कमरेला; मी मागितली की हातावर फटका. ही जाऊन आठ महिने झाले. कपाट मी उघडलेलं नाही. सून डोंबिवलीहून दोनदा आली, तिलाही चावी दिली नाही. आता इथे कशाला काढू? सरकवली पाठीखाली आणि पडलो. वरून फोटो काढतात, खालचं कुठे दिसणार.

"श्वास सोडा. थांबा. हलू नका."

थोड्या वेळाने पोरगी कमरेवर हात ठेवून आली. "काका, पोट एकदम साफ. आज एवढं छान पोट कुणाचं आलं नाही. पण डाव्या किडनीवर चावी आहे."

"असू दे. तू खडा बघ."

"खडा चावीमागे असला तर? सोडा ती."

"नाही सोडणार."

"मग उद्या या. आज परत गोळ्या घ्या."

गोळ्या म्हटल्यावर मी मऊ झालो. गाठ मला सुटेना, दातांनी सोडवावी तर पोट मध्ये. शेवटी तिनेच सोडवली.

"मुठीत धर. टेबलावर ठेवू नकोस."

काचेमागून तिने मूठ वर करून दाखवली, मग बटण दाबलं. दुसरा फोटो स्वच्छ आला. मुगाएवढा खडा, अगदी चावी होती तिथेच.

चावी बांधून घेतली आणि म्हटलं, "पहिला फोटोपण दे."

"तो खराब आहे, काका. डॉक्टर बघणारसुद्धा नाहीत."

"डॉक्टरला दुसरा दे. हा माझा."

हिच्या तसबिरीमागे ठेवलाय. सुनेला वाटतं, माझे आजारपणाचे कागद आहेत.