लाल पट्टी कोणाची?

“ही लाल पट्टी कोणाची?” शशिकला मॅडमनी विचारलं. मीटिंग रूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मॅडम नंजनगूडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग हेड, आमच्या जुन्या क्लायंट. आमची म्हैसूरची छोटी कंपनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. कोणतं काम कोणाकडे आहे, कधी संपणार, कशामुळे अडलंय, हे त्यात एका जागी दिसतं. नव्या व्हर्जनमध्ये दोन फीचर्स येणार होती. एक काम लांबलं की त्यावर अवलंबून असलेल्या कामांच्या तारखा आपोआप सरकणार. दुसरं वर्कलोड. प्रत्येकाच्या नावापुढे पट्टी. काम झेपण्याएवढं असेल तर हिरवी, जास्त झालं की लाल.

डेमोत खरा डेटा दाखवा, असं माझे बॉस प्रभाकर सर म्हणाले होते. म्हणून मी आमच्याच टीमची कामं भरली. भरल्यावर पट्ट्या बघायला मला वेळच झाला नव्हता.

“माझी,” मी म्हटलं.

“हे आजारी पडले तर?” मॅडमनी सरांना विचारलं.

“तारखा ॲडजस्ट होतात, मॅडम.”

“नोडोणा,” मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. “बघू या तरी.”

मी माझ्या नावावर आठवडाभराची रजा टाकली. पुढच्या सगळ्या तारखा सरकल्या. मॅडमना कबूल केलेली रिलीज डेटसुद्धा. ऑर्डर हातची गेली, असं मला वाटलं.

“आमच्याकडे असाच एक इंजिनिअर होता,” मॅडम म्हणाल्या. “सगळं त्याच्यावरच. एक दिवस त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. बरा झाला, पण परत कामावर आला नाही. मला व्हर्जन थोडं उशिरा मिळालं तरी चालेल.”

त्या गेल्यावर मी टाकलेली रजेची एंट्री काढून टाकायला बसलो. सर मागे येऊन उभे राहिले.

“गायकवाड, खरंच रजा हवी आहे का?”

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी रिलीजपायी पुढे ढकलत होतो. ऑफिसात कोणाला बोललो नव्हतो. तेव्हा सांगितलं.

“मग ती एंट्री डिलीट करू नका,” सर म्हणाले.

माझी निम्मी कामं त्यांनी टीममधल्या दोघांत वाटली, काही स्वतः घेतली. ऑपरेशन नीट झालं. आई आता टीव्हीवरच्या कन्नड बातम्यांची खालची पट्टी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि मी ऐकत बसतो. व्हर्जन उशिरा निघालं. पहिली ऑर्डर मॅडमचीच आली. मॅडमचे आणि सरांचे उपकार मी विसरणार नाही.

एवढं मात्र शिकलो. काम झेपत नसेल तर वेळेवर तोंडानं सांगावं. त्याला नवं व्हर्जन लागत नाही.