अल्बिनाच्या शर्टाची शेपटी

पोकोर्नींच्या कुरणात आता मका उभा असतो. चांगला येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी स्वतः शेतकरी असूनही त्या मक्याचं कौतुक माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. जिथं आमची विमानं उतरायची तिथं कणसं डोलताना दिसली की माझं टाळकं सटकतं, आणि शेजारी बसलेली बायको म्हणते, "स्टॅन, समोर बघून गाडी चालव."

नेब्रास्कात आम्हा बोहेमियन, म्हणजे चेक लोकांची गावं पुष्कळ आहेत, पण स्वतःचा विमानतळ असलेलं गाव आमचंच, अशा बढाया आम्ही सगळीकडे मारायचो. विमानतळ म्हणजे काय, तर गवताची एक लांब पट्टी, बांबूला लटकवलेली, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आणि पत्र्याची शेड. म्हातारे पोकोर्नी स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत, पण विमानं बघायचं त्यांना वेड होतं. त्यापायी त्यांनी कुरण आम्हाला वापरायला दिलं, आणि गाईंनाही तिथंच ठेवलं. त्यामुळे उतरायच्या आधी एक फेरी अगदी खालून मारून गाई हुसकायच्या आणि दुसऱ्या फेरीत चाकं टेकवायची, हा आमचा शिरस्ता होता. बाहेरगावचा पाहुणा ऐटीत पहिल्याच फेरीला उतरायला जायचा, आणि मग दिवसभर चाकांवरचं शेण खरवडत बसायचा. आम्ही त्याला आधी सांगायचो नाही. रविवारी तेवढीच करमणूक.

शेडच्या मागच्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्या ठोकलेल्या होत्या. आमच्या शिकवायच्या विमानात शिकणारा पुढं बसतो आणि शिकवणारा त्याच्या मागं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून मागचा माणूस पुढच्याच्या शर्टाचं मागचं टोक ओढतो आणि मग कानात ओरडतो. ज्या दिवशी शिकणारा एकटा उडून सुखरूप परत येतो, त्या दिवशी ते टोक कात्रीनं कापून घ्यायचं. आता ओढायला मागं कुणी नाही, मग शेपटी कशाला? माझीही होती त्या भिंतीवर, निळ्या चौकड्यांची. प्रत्येक शेपटीवर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं असायचं, आणि ती सगळी नावं अल्बिना व्होंद्रानं भरलेली होती.

अल्बिना म्हणजे आमच्या लाडिस्लाव खाटकाची बायको. बुटकी, खांद्यांनी रुंद, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. एकदा आमच्या शिकवणाऱ्या एमिल मास्तरच्या विमानाचा पंख गारपिटीत फाटला, तेव्हा शिवणारं कुणीतरी हवं म्हणून तिला बोलावलं, आणि मग ती तिथलीच झाली. तेव्हाच्या आमच्या विमानांचे पंख कापडाचे. लाकडी फासळ्यांवर कापड ताणून बसवायचं, मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीला टाके घालून गाठ मारायची, आणि वर रोगण चढवायचं. पंख उभा करून दोन बाजूंना दोन माणसं बसतात. एकानं हातभर लांबीची सुई आरपार घालायची, पलीकडच्यानं ती परत ढकलायची. तिच्या पलीकडे बहुतेक मीच असायचो. टाका घालून झाला की अल्बिना त्याच्याखाली अंगठ्याचं नख घालून ओढून बघायची. मग दोनच निकाल होते. "धरलाय." नाहीतर "उसव." तिसरा शब्द नाही. जवळच्या माणसाची भीड नाही, आपल्या स्वतःच्या टाक्याचीही नाही. माझ्याकडून तिनं एकदा अख्खी ओळ उसवून घेतली होती, आणि वर म्हणाली, "तुझ्या कोंबड्यांचं खुराडं नाहीये हे."

तर ही बाई पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी खसखस भरलेल्या गोड पावांचं, कोलाचेचं, ताट घेऊन शेडमध्ये आली, ताट ठेवलं, आणि म्हणाली, "मास्तर, मला उडायला शिकवा."

आम्ही हसलो. लाडिस्लाव तर गोड पाव घशात अडकेपर्यंत हसला. "अगं, तू शिडीवरून उतरताना देवाचं नाव घेतेस!"

"शिडीचा भरवसा नाही," ती म्हणाली. "ती तू ठोकलीयेस. पंख मी शिवलेत."

एमिल मास्तर हसला नाही. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. सगळ्या गावाला त्यानंच उडायला शिकवलेलं. तो म्हणाला, "कशाला पण, अल्बिना? मी नेतो की तुला वर, पाहिजे तेव्हा."

"तुम्ही नेता तेव्हा मी सामान असते. माझे टाके वर कसे धरतात, ते मला माझं मला बघायचंय. एकटीनं."

मास्तरनं शिकवायला सुरुवात केली. अल्बिना नवऱ्याचा जुना शर्ट आणि जुनी विजार घालून यायची. शर्ट जुनाच का, हे आम्हाला ठाऊक होतं; आज ना उद्या कापला जाणार म्हणून. पण एक उन्हाळा गेला, दुसरा आला, आणि शर्ट काही कापला जाईना. तिच्यानंतर आलेली दोन माणसं एकटी उडून आली, त्यांच्या शेपट्यांवर तिनंच नावं भरली. तिच्या शर्टाचं मागचं टोक तेवढं ओढून ओढून गुडघ्यापर्यंत आलं होतं.

उडता येत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. मी खालून बघायचो ना. चढणं, वळणं, गाई हाकलणं, सगळं स्वच्छ. पण उतरताना जमिनीच्या अगदी जवळ आलं की दांडा हळूहळू मागं घेऊन विमानाचं नाक उचलायचं असतं, आणि नेमक्या त्या क्षणी मास्तर तिचा शर्ट ओढायचा. दर वेळी. खाली उतरल्यावर म्हणायचा, "अजून वेळ चुकते तुझी."

ह्यामागं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्याच्या आधी चारेक वर्षं मास्तरनं यारोमिर नावाच्या पोराला एकटं पाठवलं होतं. पोरानं उतरताना नाक उचलायला उशीर केला आणि विमान उलटं झालं. यारोमिर वाचला, पण अजून लंगडतो. मास्तरला कुणी बोल लावला नाही. त्यानं स्वतःलाच लावला. तेव्हापासून त्याचा हात शिकणाऱ्याच्या शर्टावरून सुटेना. तरण्या पोरांना तो कसाबसा सोडायचा. अल्बिनाला सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या वसंतातच म्हातारे पोकोर्नी वारले होते. ओमाहात राहणाऱ्या मुलींनी कुरण विकलं. घेणाऱ्यानं सभ्यपणे सांगितलं की ऑक्टोबर संपेपर्यंत उडा, मग मी नांगर घालणार. मास्तरनंही जाहीर करून टाकलं, की कुरण गेलं की आपलं उडणं संपलं, विमान विकायचं. आम्ही बाकीचे चाळीस मैलांवरच्या मोठ्या विमानतळावर जागा शोधायला लागलो. मी अल्बिनाला म्हटलं, "तिकडे चल. तिथं कोट घातलेले शिक्षक आहेत, महिन्याभरात एकटी सोडतील."

पंखाच्या पलीकडून तिचं उत्तर आलं. "हे विमान मी शिवलंय, स्टॅन. ह्याच कुरणात, ह्याच विमानात, आणि मास्तरांनीच सोडलं पाहिजे. नाहीतर राहिलं." आणि वर म्हणाली, "राहणार मात्र नाही."

सुई इकडे आली ती जरा जोरातच आली.

मास्तर शेडच्या दारात विमानाचं चाक पुसत बसला होता. ती त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मास्तर, तुम्ही शर्ट ओढता तो माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी ओढता."

मास्तर चाक पुसत राहिला. मग म्हणाला, "मी ओढल्याशिवाय तू नाक उचलत नाहीस."

"तुम्ही ओढायचं थांबवल्याशिवाय ते कळणार कसं?"

मास्तर उठून गेला.

शेवटचा रविवार उजाडला. चर्च सुटल्यावर सगळं गाव कुरणात लोटलं. भाजलेली बदकं, आंबवलेला कोबी, कणकेचे उकडलेले गोळे, बिअरची पिंपं, लग्नासारखा थाट. आणि लग्नात मुलीकडच्यांचे असतात तसे चेहरे. उत्तरेचा गार वारा होता, पण पट्टीला सरळ, म्हणजे चांगला. अल्बिना आली आणि जेवणाकडे न बघता विमानाकडे गेली. चालताना ती जरा अवघडल्यासारखी वाटली. ती पुढं बसली, मास्तर मागं. मी नाकावरचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करून दिलं.

वर काय घडलं ते नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, त्यामुळे ते खरं असावं. उतरायला आले, गाई हुसकून झाल्या, दुसऱ्या फेरीत जमीन जवळ आली, आणि मास्तरनं सवयीनं हात पुढं घातला. हाताला शेपटी लागेचना. त्यानं चाचपलं. मग चष्मा वर करून बघितलं. अल्बिनानं शर्ट विजारीत खोचून कमरेभोवती पक्का शिवून टाकला होता. पंखाच्या मेणाच्या दोऱ्यानं, पंखाच्या टाक्यानं, दर टाक्याला गाठ. ओढायला चिमूटभर कापड ठेवलं नव्हतं.

"तुमच्याकडच्या दांड्याला हात लावाल तर बघा!" अल्बिना मागं न बघता ओरडली. "ह्यापुढचा पंख तुमचा तुम्ही शिवा!"

मास्तर म्हणतो, मी हात गुडघ्यांवर ठेवले. अल्बिना म्हणते, तो मोठ्यानं देवाचा धावा करत होता. आम्हाला खालून एवढंच दिसलं की नाक वेळेवर उचललं गेलं आणि विमान गवतावर असं टेकलं की गाईंनीही मान वळवली नाही.

विमान पट्टीच्या टोकाला थांबलं. दार उघडलं आणि मास्तर खाली उतरला. दार लावून त्यानं विमानाच्या कुशीवर दोन थापा मारल्या. आज एकटं जायचंय, हे शिकणाऱ्याला आधी कधी सांगायचं नसतं. मास्तर उतरतो, थापा मारतो, तेच सांगणं.

अल्बिना एकटीच उडाली. मागचं वजन गेल्यामुळे विमान टुणकन वर गेलं. लाडिस्लाव टोपी हातात घेऊन उभा होता. "जेवायला येईल ना हो ती?" त्यानं मला विचारलं. चेष्टा नव्हती ती.

ती उतरायला आली तेव्हा गाई पट्टीच्या मधोमध. एवढ्या माणसांना बुजून सगळा कळप तिथंच दाटला होता. ती खालून गेली, तरी दोन हटल्या नाहीत. पुन्हा वर गेली, वळली, पुन्हा खालून आली, ह्या वेळी इतकी खाली, की त्या गाईंनी शेपट्या वर करून जी धूम ठोकली ती थेट कुंपणापाशी थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मास्तर ओरडला, "गप्प बसा!" तिसऱ्या फेरीला ती उतरायला आली. जमीन जवळ आली, आणखी जवळ आली, आणि मला मागून कुणीतरी हिसका दिला. मास्तर माझ्या मागं उभा होता. माझ्या शर्टाचं टोक त्यानं मुठीत धरलं होतं आणि जीव खाऊन ओढत होता.

चाकं टेकली. विमान धावत आलं आणि थांबलं. मास्तरनं माझ्या शर्टाकडे बघितलं, मूठ सोडली, आणि कात्री आणायला शेडमध्ये गेला.

मग पंचाईत झाली. शेपटी कापायची कशी? ती तर विजारीला शिवलेली. अल्बिना म्हणाली, "कापा विजारीसकट."

"विजार माझी आहे!" लाडिस्लाव ओरडला.

"मग कोट पण दे तुझा," ती म्हणाली. त्यानं कोट काढून तिच्या कमरेला गुंडाळला. मास्तरनं कात्री चालवली, आणि शर्टाचं टोक विजारीच्या तुकड्यासकट हातात आलं. एवढं हसणं त्या शेडनं कधी ऐकलं नसेल. पुन्हा ऐकायचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पाडणार होते.

नाव भरायची वेळ आली तेव्हा अल्बिनानं सवयीनं लाल दोरा घेतला. मास्तरनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "स्वतःचं नाव स्वतः भरायचं नसतं," तो म्हणाला. असा काही नियम नव्हता. तो पिंपावर बसला आणि त्या जाडजूड बोटांनी भरायला लागला. बदकं गार झाली, बिअर संपत आली, कुणी हललं नाही. दोनदा सुई बोटात गेली. कुणी मदतीला गेलं की खेकसायचा. अखेर त्यानं कापड तिच्या पुढं धरलं.

अक्षरं उताराला लागलेली. शेवटचं तर पार खाली घसरलेलं. अल्बिनानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि टाक्याखाली अंगठ्याचं नख घातलं. आम्ही सगळ्यांनी त्या नखापायी ओळीच्या ओळी उसवलेल्या. कापडाचं दुसरं टोक मी धरलं होतं, त्यामुळे मला स्पष्ट दिसलं. तिनं ओढलं, तसा दोरा सैल होऊन बोटभर वर आला.

अल्बिनानं तो अंगठ्यानं हळूच परत खाली दाबला.

"धरलाय," ती म्हणाली.