मामांनी तपासलेला निरोप

आमचे मामा छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासतात. तीस वर्षं चुका वेचून स्वभावच तसा झालाय. पुढ्यात ताट आलं की आधी केस शोधतील. त्यातही एकसारखे वाटणारे इंग्रजी शब्द ही त्यांची खास शिकार. इमारतीच्या वॉचमनला त्यांनी भर दुपारी उभं करून शिकवलं, "चोर अडवलास तर ती सिक्युरिटी. मी जिन्यावरून पडू नये म्हणून दिवा लावलास, तर ती सेफ्टी."

वॉचमन म्हणाला, "साहेब, दिवा आठवडाभर बंदच आहे." मामांनी ते ऐकलंच नाही.

माझी नोकरी गेली, त्या दिवशी जॉब आणि वर्क यांतला फरक त्यांनी मला तासभर सांगितला. सांत्वन म्हणून! तेव्हापासून त्यांना वाईट बातमी सांगायची नाही, असा मी कानाला खडा लावलाय.

त्यांची एकुलती एक लेक, आमची ताई, लग्न होऊन चार तासांवरच्या शहरात गेली. बापलेकीचे फोनवरचे निरोप इंग्रजीतच चालतात. लहानपणापासूनचा तो त्यांचा खेळ. परवा रविवारी सकाळी तिनं लिहिलं, बाबा, मी इथे अलोन आहे. मिनिटभरात मामांनी उत्तर ठोकलं. अलोन म्हणजे जवळ कुणीच नसणं. जावई आहेत ना घरात? माणसं असूनही एकटं वाटतं, त्याला लोनली म्हणतात. मग खुशीत येऊन त्यांनी ते मला आणि मामीला वाचून दाखवलं.

मामीच्या हातातली इस्त्री थांबली. "अहो, पोरगी रडकुंडीला आलीय आणि तुम्ही तिची प्रुफं तपासताय?"

"चूक ती चूकच," मामा म्हणाले, पण आवाज पडला होता. तेवढ्यात तिचं उत्तर आलं. बरोबर आहे, बाबा. लोनली.

मामांनी ते तीनदा वाचलं. चूक सापडेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी काढतोस?"

रस्ताभर त्यांनी एकाही पाटीवर शेरा मारला नाही. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

ताईनं दार उघडलं. डोळे सुजलेले, तरी बापाची खोडी काढल्याशिवाय राहते होय! "काय बाबा, ही व्हिजिट समजायची की स्टे?"

मामा उंबऱ्यातच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला नाही सांगता येत गं," ते म्हणाले. "तू म्हणशील ते."