माळ्यावरचं इंग्रजी

एप्रिलच्या परीक्षेत मी इंग्रजी साहित्यात नापास झाले. एका जमीनदाराच्या बागेवरच्या कवितेचं रसग्रहण विचारलं होतं. ती बाग खणली कुणी, खणणाऱ्यांना मजुरी काय मिळाली, हे कवीने लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं आणि शेवटी मागण्याही मांडल्या. वडील पिरंगुटच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी पत्रकं वाचतच मोठी झाले होते. मागणीवाचूनही लिखाण संपतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आईने सांगून टाकलं, ऑक्टोबरात पास झालीस तर कॉलेज, नाही तर ताम्हिणीचं स्थळ. मी तिला स्त्रीमुक्तीवर बरंच ऐकवलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला भाताच्या राखणीला धाडलं.

दाणा भरू लागला की पाखरं उतरतात. शेतातल्या उंच माळ्यावरून ओरडून ती हाकलायची. ओरडायचंच तर परीक्षेची उत्तरं का नकोत? पौडच्या कापड दुकानदाराची मुलगी माझी मैत्रीण. ती बांधावर बसून गाइडातून वाचून दाखवी. गाइडला हात लावायचा नाही हे माझं तत्त्व होतं. कानावर पडलं तर माझा इलाज नव्हता. मी कवीच्या निसर्गप्रेमावर इंग्रजीत गर्जना करी, गोफण फिरवी, थवेच्या थवे उठत. मजुरीचा विषय निघाला की ती म्हणे, "बाई, बाग बघ. माळी नको."

आठवड्याभरात शेजारच्या वावरातले चुलते तक्रार घेऊन आले.

"तुझ्या इंग्रजीनं समदी पाखरं आमच्यात येत्यात. जरा आमच्याकडं तोंड करून वरड की."

तेव्हापासून निम्मी उत्तरं मी त्यांच्या भाताकडे तोंड करून पाठ केली.

परीक्षेत मात्र पंचाईत झाली. मोठ्याने ओरडल्याशिवाय वाक्यच आठवेना. मी पुटपुटू लागले आणि हात आपोआप डोक्याभोवती फिरू लागला. पर्यवेक्षकांनी मला उठवून एकटीला मागच्या बाकावर बसवलं. तिथे पुटपुटत, हात फिरवत सगळं आठवलं. बाग संपली, निसर्गप्रेम संपलं, पेन मागण्यांपाशी येऊन थांबलं. ताम्हिणी डोळ्यांपुढे आली. 'बाग फार सुंदर आहे' असं लिहून मी पेपर देऊन टाकला.

पास झाले. आईने शब्द पाळला. पोरगी अजून शिकतीया, असा ताम्हिणीला निरोप धाडला.

त्यांचा उलटा निरोप आला, "शिकू द्या की. आमी थांबतो."