डार्विनमध्ये जुनं घर शोधताना

सिडनीच्या विमानतळावर माझा ट्रायपॉड तपासणीसाठी बाजूला काढला गेला, तेव्हा मकरंद, म्हणजे माझा नवरा, दोन पावलं सरकून एका अनोळखी कुटुंबात जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे कौशल्य कमावलं आहे. तपासणीवाल्या बाईंनी ट्रायपॉडचे तिन्ही पाय ओढून पाहिले आणि विचारलं, "कशाचे फोटो काढायला चाललीस?"

"जुन्या घरांचे."

"कुठे?"

"डार्विनला."

बाई मनापासून हसल्या. "गुड लक, मेट."

मी सिडनीत वेस्टमीडला एका लॅबमध्ये काम करते. आठवडाभर लोकांच्या पेशी पाहायच्या आणि शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन हिंडायचं, हा माझा क्रम. पेंडल हिलला आमचं एक छायाचित्र मंडळ आहे. त्याचा प्रमुख शिरीष पेशाने दातांचा डॉक्टर, आणि फोटोलाही तो दातांसारखंच वागवतो: आधी सफाई, मग पांढरेपणा. यंदाच्या प्रदर्शनाला त्याने विषय दिला होता, 'युद्धानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरांतल्या जुन्या वस्त्या'. सोबत नियम: फ्रेममध्ये माणसं नकोत, तारा नकोत, वाळत घातलेले कपडे तर मुळीच नकोत. "वास्तूला बोलू दे," असं तो म्हणाला. मंडळातले दोघं पोलंडला गेले, एक जण जर्मनीला. माझी रजा डार्विनपर्यंतच पुरत होती.

डार्विन हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. गाव पुन्हा बांधलं. मग एका नाताळच्या रात्री चक्रीवादळ आलं आणि बांधलेलं बहुतेक सगळं घेऊन गेलं. गाव पुन्हा एकदा बांधलं. विमानात मी हे वाचत होते तेव्हा विमानतळावरच्या बाईंचं हसणं हळूहळू उलगडत गेलं.

आम्ही सिडनीच्या जुलैतल्या थंडीची जाड जाकिटं घालून उतरलो. बाहेर सगळं गाव चड्डी-चपलेत. टॅक्सीवाल्याने आमच्याकडे आजारी माणसांकडे पाहावं तसं पाहिलं. समुद्र निळाशार, वाळू स्वच्छ, आणि पाण्यात चिटपाखरू नाही, कारण काठावर मगरींच्या इशाऱ्याचा फलक. मकरंद म्हणाला, "एवढा सुंदर समुद्र आणि पाय बुडवायचा नाही. म्हणजे दादर चौपाटीच."

पहिल्या दिवशी युद्धापूर्वीची जपून ठेवलेली मोजकी घरं पाहिली. सुरेख आहेत. रंग ताजा, हिरवळ कापलेली, माणूस नाही, तार नाही. शिरीषचे सगळे नियम तिथे आधीच पाळलेले होते. मी मन लावून फोटो काढले आणि जवळच्या दुकानात गेले तर तेच फोटो पोस्टकार्डावर, माझ्यापेक्षा बऱ्या उजेडात. म्हणून ठरवलं, लोक राहतात ती घरं शोधायची.

एक गृहस्थ बागेला पाणी घालत होते. त्यांना विचारलं, "या भागातलं सगळ्यात जुनं घर कुठलं?"

त्यांनी बराच विचार केला. "ते कोपऱ्यावरचं. फार जुनं. माझ्या लग्नाच्या आधीचं."

"लग्न कधी झालं तुमचं?"

"पहिलं की दुसरं?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, म्हणून पॅरॅपच्या बाजारात गेलो. तिथे सकाळीसकाळी लोक लाक्सा (नारळाच्या दुधातला तिखट रस्सा आणि शेवया) खातात. आपल्याकडच्या मिसळीइतकाच मान आहे त्याला, आणि कपड्यांवर उडण्याची खोडही तीच. मकरंदच्या वाडग्यातला एक थेंब थेट माझ्या भिंगावर बसला. त्यानंतरच्या डझनभर फोटोंत आकाशात एक नारिंगी ठिपका आहे. मकरंदच्या मते त्याला सूर्य म्हणून खपवता येईल.

भिंग पुसून मी आसपासच्या गल्ल्या धरल्या. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या भारतीय बाईबद्दल डार्विनमध्ये तीन मतं आहेत. ती कौन्सिलकडून आली आहे, ती बिल्डरकडून आली आहे, किंवा ती हरवली आहे. एका बाईने तर मी 'हॅलो' म्हणायच्या आत व्हरांड्यातून ओरडून सांगितलं, "विकायचं नाही!" तिच्या कुत्र्यानेही तेच सांगितलं.

आणि मग ते घर दिसलं. माणसाच्या डोक्यावर हातभर उंच खांबांवर उभं, खालून सगळं मोकळं. वर भिंतीपेक्षा लूव्हरच जास्त (काचेच्या किंवा पत्र्याच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी, दांडी फिरवली की पट्ट्या उघडतात आणि घरातून वारा आरपार जातो). समोर लाकडी जिना, बाजूला मोठं आंब्याचं झाड. मी कॅमेरा उचलला, तोच जिन्यावरून पन्नाशीची एक बाई धावत खाली आली.

"आलीस एकदाची! ये, ये. आधी स्वयंपाकघर घे, तिथला उजेड जाईल. आणि हा तुझा असिस्टंट का?"

मकरंदने ट्रायपॉड खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "हो."

बाईचं नाव आयरीन. ती आम्हाला जवळजवळ ढकलतच वर घेऊन गेली. इतकं आतून पाहायला मिळत होतं की आपण कोण हे सांगायला माझी जीभ उचलेना. आयरीन खोलीखोलीतून पुढे धावत होती. टेबलावरची औषधं कपाटात, जुना पंखा पलंगाखाली, देवाच्या तसबिरी उशीखाली. "घर मोठं दिसू दे," ती म्हणाली. "आणि नवं."

"नवं?" मी दचकले. मी एवढ्या लांब आले होते ते उलट कारणासाठी.

मागून आवाज आला. "कुरूप काढ. एकदम कुरूप."

दारात बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. आयरीनचे वडील, मनोलिस. ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी ग्रीसच्या एका बेटावरून इथे बांधकामावर आलेले. ते शांतपणे आत गेले, एक टोपली घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्याच्या दोरीवर आपल्या चड्ड्या एकेक करून वाळत घालू लागले. चड्ड्या कोरड्या होत्या.

"बाबा!" आयरीन ओरडली.

"माझं घर. माझ्या चड्ड्या," मनोलिस म्हणाले आणि शेवटची चड्डी बरोबर माझ्या फ्रेमच्या मधोमध लावली.

आता खरं सांगणं भाग होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली गाडी थांबली. तिच्यातून इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उतरला. घरं विकणाऱ्या एजंटाचा खरा फोटोग्राफर तो. आयरीनने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मकरंदकडे.

"मग तुम्ही कोण?"

"आम्ही पेंडल हिलहून आलोय," मकरंद म्हणाला, जणू यात सगळं आलं.

मी माफी मागून सगळं सांगितलं. आयरीन चिडणार असं वाटत होतं, पण ती जिन्याच्या पायरीवर धपकन बसली. मनोलिस मात्र खूश. "म्हणजे ही विकणारी नाही! कॉफी पिणार?"

त्या तरुणाने घर पाहून नाक मुरडलं नाही, एवढं सौजन्य दाखवलं. "काळजी नको," तो म्हणाला. "हिरवळ मी कंप्युटरवर घालतो. सोफाही घालतो. कपडे उडवतो." मग त्याने वरून चित्रण करायला ड्रोन सोडला. कोरड्या ऋतूत डार्विनच्या आकाशात घारी असतात, आणि त्यांना उडणाऱ्या पाहुण्यांबद्दल ठाम मतं आहेत. एक घार ड्रोनभोवती दोनदा फिरली, तिसऱ्यांदा तिने पंजा मारला. ड्रोन आंब्याच्या झाडात अडकून मधमाशीसारखा गुणगुणत राहिला. मनोलिसनी टाळ्या वाजवल्या. आयरीनने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून बाहेर आलंच. मग दोघं बापलेक इतके हसले की तो तरुण बिचारा शिडी मागायलाही लाजला. शेवटी मकरंदने माझ्या ट्रायपॉडने ड्रोन खाली पाडला. त्या प्रवासात ट्रायपॉडचा एवढाच उपयोग झाला.

तरुण ड्रोनचा तुटलेला पंखा खिशात घालून, पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला. आम्ही घराखाली खुर्च्या टाकून कॉफी प्यायलो. डार्विनच्या अशा घरांत खरं राहणं खालीच असतं. वर फक्त झोपायचं. खाली एक फ्रिज होता, मासे साफ करायचं टेबल होतं, आणि एका खांबावर पेन्सिलीने आयरीनच्या उंचीच्या खुणा.

मी विचारलं, "हे घर युद्धानंतरचं ना?"

"जमीन युद्धानंतरची," मनोलिस वर बोट दाखवून म्हणाले. त्यांना वरच्या मजल्याची लाकडी जमीन म्हणायची होती. "वादळात भिंती गेल्या, छप्पर गेलं. फक्त जमीन राहिली, खांबांवर, स्टेजसारखी. सकाळी माझी बायको त्याच्यावर उभी राहून शेजाऱ्यांना हाका मारत होती. तिला वाटलं, कोणीच राहिलं नाही. मग एकेक जण उत्तर द्यायला लागला."

मनोलिसनी शेजारच्या खांबावर थाप मारली.

"भिंती मी घातल्या. छप्पर मागच्या वर्षी बदललं. जिना तीनदा बदलला."

"आणि त्या जिन्यावरून पडलात," आयरीन म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पावसाळ्यात. अर्धा दिवस खाली पडून होते. शेजारच्यांच्या लक्षात आलं म्हणून. मी हम्प्टी डूला राहते (असं खरंच गावाचं नाव आहे, पाऊण तासावर). भरपूर जागा आहे. म्हणते, माझ्याकडे राहायला या. तर येत नाहीत."

"घर सोडून येणार नाही."

"हे एकच वाक्य गेले सहा महिने ऐकतेय."

मी मुलुंडची. आमच्याकडे रिडेव्हलपमेंट म्हटलं की म्हातारी माणसं आधी पेढे वाटतात आणि मग बाल्कनी किती फुटांची ते विचारतात. त्यामुळे कोणाची बाजू घ्यावी ते मला सुचेना. मकरंदला मात्र कुठेही सुचतं. तो आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे. कॉफीचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "मग घर घेऊन जा की. आमच्यात याला लिफ्ट अँड शिफ्ट म्हणतात. जुनी सिस्टम तोडायची नाही, आहे तशी उचलून दुसरीकडे ठेवायची."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. दुःखात असलेल्या लोकांना आयटीतलं ज्ञान देऊ नये, हे मी त्याला अनेकदा सांगितलं आहे.

पण आयरीन त्याच्याकडे पाहत राहिली. "इथे लोक नेतात घरं," ती हळूच म्हणाली. "ट्रकवर. दोन तुकडे करून."

"माझ्या घराचे तुकडे?" मनोलिस उठून उभे राहिले.

"तिथे बसकं ठेवू, बाबा. जिना नको."

"आणि खालून वारा कुठून येणार?"

भांडण पुन्हा सुरू झालं, ग्रीकमध्ये. मला एक शब्द कळत नव्हता, पण हात कळत होते: आयरीनचे हात घर कापत होते, मनोलिसचे जोडत होते. निघायच्या आधी मी एकच फोटो काढला. त्यात खांब आहेत, तारा आहेत, वर चड्ड्यांची रांग आहे, आणि खाली दोन माणसं एकमेकांवर बोटं रोखून उभी आहेत.

सिडनीला परतले तेव्हा थंडी तशीच होती. मंडळाच्या सभेत शिरीषने माझा फोटो पडद्यावर लावला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. "कपडे काढता येतील," तो म्हणाला. "माणसंही काढता येतील. पण मग यात उरतं काय?" प्रश्न त्याने तक्रार म्हणून विचारला होता. प्रदर्शनात पोलंडची दोन घरं आणि जर्मनीचा एक चौक लागला. तो चौक युद्धानंतर जुन्या चित्रांवरून जसाच्या तसा नवा बांधलेला आहे, त्यामुळे फोटोत खूप जुना दिसतो.

बऱ्याच आठवड्यांनी लॅबमध्ये चहाच्या वेळी फोनवर आयरीनने पाठवलेला एक फोटो आला. पहाटेचा, तिरका, जरा हललेला. हायवेवर एक लांबलचक ट्रक आणि त्यावर अर्धं घर. कापलेल्या बाजूने स्वयंपाकघर उघडं पडलं होतं आणि कपाटाच्या हिरव्या दारांवर मागच्या गाडीचा उजेड पडला होता. ट्रकला लागून बनियनमधली एक पाठमोरी आकृती.

मी जिथे जिथे कॅमेरा रोखला, तिथे जुनं म्हणजे न हललेलं, न बदललेलं, अशीच माझी समजूत होती. हे घर तर भिंतींनी, छपरानं, जिन्यानं बदलत आलं, आणि आता गावही बदलून चाललं होतं. तरी मी पाहिलेल्या सगळ्या घरांत जुनं म्हणावं असं तेच.

फोटोखाली आयरीनने लिहिलं होतं: 'बाबांनी मध्येच ट्रक थांबवायला लावला. उतरून घराला एक चक्कर मारली, वर हात घालून त्यांच्या खोलीच्या लूव्हर्स बंद केल्या आणि परत येऊन माझ्या गाडीत बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, या वयात प्रवासात वारा बाधतो.'